वाडीतली वडीलधारी माणसं : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते डिसेंबर २०२५

८ एप्रिल

संगमेश्वर तालुका, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव, चार वाड्या. गावाचं नाव नोंदींत लिहीत नाही, कारण इथल्या माणसांची दुखणी आणि घरचे पैशाचे व्यवहार यात येणार आहेत.

घरोघर जाऊन झालं. वरच्या वाडीत कुलूप लावलेली घरं उघड्या घरांपेक्षा जास्त. उघड्या घरांत बहुतेक साठी ओलांडलेली माणसं, त्यांतही बायका अधिक. मुलगे-सुना विरार, नालासोपारा, दिवा अशा ठिकाणी. शिमग्याला नि गणपतीला येतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं शंभरात दहाच्या आसपास होती. या वाडीला तो हिशोब लागू पडत नाही. इथे साठीच्या आतला माणूस शोधावा लागतो.

आमच्या प्रकल्पाच्या आराखड्यात ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर आहे, चादरवाटप आहे, व्याख्यान आहे. ज्येष्ठांनी ठरवायचं किंवा करायचं असं एकही काम नाही. ही माणसं अजून भात लावतात, गुरं राखतात, नातवंडं सांभाळतात, मुंबईच्या घरांना तांदूळ-कुळीथ पोचवतात. वाडी उभी आहे ती त्यांच्या जिवावर. आराखडा बदलायला हवा असं आजच कार्यालयाला कळवलं.

१५ एप्रिल

पहिली बैठक. आधी जागेचा प्रश्न सोडवला. देवळाचा सभामंडप सोयीचा, पण बौद्धवाडीतली मंडळी तिथे मोकळेपणाने बसणार नाहीत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पट कमी झाल्याने बंद पडलेल्या शाळेची खोली मागून घेतली. चारही वाड्यांतली माणसं आली आणि एकाच जाजमावर बसली. यापुढच्या सगळ्या बैठका तिथेच.

'तुम्हाला काय पाहिजे' असं विचारायचं नाही हे मनाशी पक्कं केलं होतं. तसं विचारलं की काठी, चष्मा, चादर एवढीच यादी होते; आजवर तेवढंच मिळत आलंय. विचारलं ते असं : गेल्या पावसाळ्यात तुम्ही कोणाच्या उपयोगी पडलात?

थोडा वेळ कोणी बोलेना. मग खालच्या वाडीतल्या एक काकी म्हणाल्या, शेजारणीचे डोळे गेलेत, तिची चूल मीच पेटवते. एका आबांनी सांगितलं, वरच्या वाडीतल्या तिघांच्या गोळ्या मीच आणतो. पूर्वी सुईणपण करणाऱ्या आजी बाळंतिणीपासून मढ्याच्या आंघोळीपर्यंत सगळं करतात. गिरणीतून परतलेले काका लोकांचे फॉर्म भरून देतात. फळा भरला. यातलं काहीच कुठल्या अहवालात येत नाही आणि यातल्या कशालाच पैसा लागलेला नाही.

शेवटी एक आजी म्हणाल्या, "बाय, आमाला कोन इचारतंय? चादर देतात, फोटू काढतात नि जातात."

२४ एप्रिल

पाण्याची फेरी. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन उतरणीवर असतात. जांभ्याच्या भेगांतून पाणी जिरतं नि झपाट्याने खाली निघून जातं. कुठला झरा कधी आटतो याची नोंद कागदावर कुठेही नाही. ती या बायकांच्या डोक्यात आहे.

सुईण आजी पुढे, आम्ही मागे. आजी ऐंशीच्या घरातल्या, पण चढ चढताना थांबावं लागलं ते मला. एका उंबराखाली त्यांनी काठीने पाचोळा बाजूला केला. खाली दगडी कुंडी होती, मातीने भरलेली. आजींनी बोटाने माती उकरली तर खालची ओलसर निघाली. "माज्या लग्नापासून ह्यो झरा कदी आटल्याला नाय," त्या म्हणाल्या. रस्त्यासाठी डोंगर कापला तेव्हाचा मुरूम इथे लोटला आणि मग लोकांनी वाटच सोडली. तरुणांना ही कुंडी माहीतच नाही.

परत आल्यावर माजी गुरुजींनी शाळेच्या फळ्यावर नकाशा काढला. प्रत्येक झऱ्यापुढे महिना : माघात आटतो, फाल्गुनात आटतो, आटत नाही. एकीने फाल्गुन म्हटलं की दुसरी म्हणायची, नाही, शिमगा झाल्यावरही मी तिथनं पाणी आणलंय. वाद झाला की ज्यांनी तिथे पाणी भरलं त्यांचंच म्हणणं धरायचं, असं ठरलं. भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांनाही इतकी बारीक माहिती मिळवायला कित्येक वर्षं लागतील.

१ मे

ग्रामसभा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो, ४० टक्के अबंधित. उंबराखालच्या कुंडीचं काम बंधित निधीत बसतं. हे मी बोलायचं नाही, बैठकीला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गटानेच मांडायचं, असं आधीच ठरलं होतं. खालच्या वाडीतल्या काकी उभ्या राहिल्या आणि नकाशाची वही सरपंचांच्या हातात दिली. ठराव झाला.

१२ मे

गटाचे नियम ठरले. महिन्याची वर्गणी २० रुपये, ज्याला जमत नाही त्याने द्यायची नाही आणि त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. हिशोब गिरणीवाल्या काकांकडे. १९८२च्या संपानंतर ते गावी परतले, तेव्हापासून पेन्शन नाही, फंड किरकोळ. पण खातेवही अशी ठेवतात की कोणीही शिकावं.

गटात दोन सुना आणि आशाताई यांनाही घ्यायचं, हे म्हाताऱ्यांनीच सुचवलं. व्हिएतनाममध्ये ज्येष्ठांचे जे स्वयंसहाय्य गट आहेत तिथेही बहुसंख्य ज्येष्ठ आणि बाकी तरुण अशीच रचना असते. सगळेच सत्तरीचे असले तर रात्री-अपरात्री डोंगर उतरणार कोण?

आजाऱ्यांच्या सोबतीला, औषधं आणायला जाणाऱ्यांच्या मानधनावर आज बराच वेळ गेला. कार्यालयाचं म्हणणं, ज्येष्ठांचा वेळ चांगला जातो, तेच त्यांचं समाधान, मानधन कशाला? मी याच्या पूर्ण विरुद्ध आहे. आधीच थकलेल्या बाईने शेजारच्या आजारी बाईचं करायचं आणि आपण त्याला सहभाग म्हणायचं, हे बरोबर नाही. पगार घेऊन काम करणारी मी आणि फुकट करणाऱ्या त्या, हा भेद चालणार नाही. केरळात मलप्पुरमकडे घरच्या घरी रुग्णसेवेचं जे जाळं लोकांनी उभं केलं, तिथे स्वयंसेवक आहेत, पण त्यांच्या पाठीशी घरी येणारी परिचारिका आहे, डॉक्टर आहे. स्वयंसेवकाच्या गळ्यात सगळं मारलेलं नाही. तेवढं तरी इथे व्हायलाच हवं.

शेवटी फेरीमागे मानधन मंजूर झालं. रक्कम लहान आहे, पण हातात रोख मिळते.

२६ मे

काल-परवाच पाऊस आला. मुंबईतही आज दाखल झाला; इतक्या लवकर तो तिथे कधी आल्याची नोंद नाही. इथे शेणी-लाकडं झाकायची राहिली, कौलं शिवायची राहिली. प्रकल्पाचं बाजूला ठेवून आठवडाभर एकट्या राहणाऱ्यांची लाकडं आत घेण्याचं काम. यादी गटाने केली, कोणाची कौलं आधी हेही त्यांनीच ठरवलं. बांधकामावर जाणाऱ्या दोन पोरांनी कौलं शिवली.

१९ जून

वरच्या वाडीतल्या एका आजींना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं. नवरा पंच्याहत्तरीचा, तोच सगळं करतो. माकडहाडाजवळ पाठ सोलली आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई येऊन जखम बघून गेल्या, धुवायची कशी ते दाखवलं आणि दर दोन तासांनी कूस बदला म्हणून सांगितलं. आजोबा मुकाट ऐकत होते. एकट्याने दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे काय, हे घरात राहिलं की कळतं. आजी अंगाने भरलेल्या, आजोबांच्या मनगटात जोर नाही.

वाट काढली ती सुईण आजींनी. जुनं नऊवारी लुगडं मागितलं, धुऊन मऊ झालेलं. त्याची चौपदरी घडी घातली आणि आजारी आजींच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली सरकवली. आधी एका कुशीला कलवून अर्धी घडी पाठीशी चेपली, मग दुसऱ्या कुशीला कलवून पलीकडून ओढून घेतली. आता लुगड्याची कड दोन्ही हातांनी धरून ओढली की माणूस आपोआप कलतो, कातडी घासत नाही. आजोबांना तीनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी ते एकट्याने करू शकले. पाठीमागे लावायला भाताच्या तुसाची उशी शिवली. ती पाहिजे तसा आकार घेते. रुग्णालयांत परिचारिका चादरीने करतात तीच ही रीत. सुईण आजी ती बाळंतिणींच्या खोलीत शिकल्या.

रात्रीची सोबत हा आजोबांचा खरा प्रश्न होता. महिनोन् महिने सलग झोप नाही. गटाने पाळ्या लावल्या. आठवड्यातून तीन रात्री कोणी ना कोणी तिथे निजायला जातं. अधिकारी ताई दर बुधवारी जखम बघणार, त्यांचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला.

६ जुलै

आषाढी. गटाची बैठक नाही. संध्याकाळी शाळेत भजन झालं, बौद्धवाडीतले पेटीवाले आबा साथीला बसले.

८ जुलै

लावणीचे दिवस आणि फुरशांचे दिवस. या जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप जागोजागी. आकाराने लहान म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागतं.

मधल्या वाडीत एक आबा मंत्राने विष उतरवतात. साप चावला की पहिल्यांदा माणसं त्यांच्याच दारात जातात आणि तिथे मोलाचे दोन तास जातात. आजवर इथे आलेल्या प्रत्येकाने त्यांना दटावलं. लोकांनी त्यांच्याकडे जाणं काही सोडलं नाही, फक्त सांगणं सोडलं.

गुरुजींचं म्हणणं पडलं, डॉक्टरांनाच त्यांच्या पडवीत घेऊन जाऊ. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले, चहा घेतला आणि आधी आबांचं ऐकलं. किती लोक येतात, कुठल्या महिन्यात, चावलेली जागा कशी दिसते. आबांना फुरशाचा दंश नि बिनविषारी दंश यातला फरक अचूक सांगता येतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, हे डॉक्टरांनी सांगितलं. मग आबाच म्हणाले, मी उतरवलेल्यांतले कितीतरी बिनविषारी सापाचे असणार.

ठरलं ते असं. दंश झालेला माणूस दारात आला की आबांनी आधी १०८ला फोन लावायचा, गाडीला उशीर असेल तर जीपवाल्याला. अंग आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवत न्यायचं नाही. मंत्र म्हणायचा असेल तर गाडीत बसून म्हणायचा. आबा सोबत असले की रोगी घाबरत नाही, हेही डॉक्टरांनी मान्य केलं. या महिन्यात आबा दोघांना घेऊन केंद्रात गेले. दोघेही घरी आले.

श्रद्धेला धक्का न लावता जीव वाचत असेल तर आपण वाद घालत बसू नये, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी या वाडीत येऊन आबांना भेटावं.

२३ जुलै

एकट्या राहणाऱ्यांसाठी गटाने जूनमध्ये एक खूण ठरवली होती. एरवी सकाळी शेजारून हाळी देतात, पण पावसाच्या आवाजात ती पोचत नाही. म्हणून रात्री निजताना पडवीच्या खांबाला लाल फडका बांधायचा आणि सकाळी उठलं की काढायचा. आठपर्यंत फडका दिसला तर शेजाऱ्याने जाऊन बघायचं. मी आधी अलार्मचं बटण असलेलं यंत्र सुचवलं होतं. इथे पावसात वीज दोन-दोन दिवस जाते आणि मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या मागे, तेव्हा फडकाच बरा, असं गटाचं मत पडलं.

आज सकाळी खालच्या वाडीत एका आबांच्या खांबाला फडका तसाच. शेजारच्या काकी गेल्या. आबा न्हाणीत घसरून पडलेले, खुबा दुखावलेला, पण शुद्धीवर. वाडीत गाडी येत नाही. डोली करून साकवापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत आणलं, पलीकडे १०८ उभी होती. साकवाला एका बाजूचा कठडा नाही, खाली पऱ्या (ओढा) भरून वाहत होता. डोली खांद्यावर घेतलेल्या दोघांचं वय पन्नाशीपुढे.

आता आबा रत्नागिरीला आहेत. त्यांची गाय कोणी बघायची हे काकींनी डोली निघायच्या आधीच ठरवलं होतं.

३० ऑगस्ट

गणपतीत मुंबई मंडळाची, म्हणजे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाची बैठक होते, तिला गटाने वेळ मागून घेतली. गावातले मोठे निर्णय मंडळात होतात, कारण पैसा मंडळाकडे आहे. यंदा गावाच्या वेशीवर कमान उभारायचा बेत होता, देणगीदारांच्या नावांसकट.

गिरणीवाले काका उठले. वही उघडून एकेक वाचत गेले : पावसाळ्यात डोलीने किती जणांना नेलं, सोबतीच्या रात्री किती झाल्या, मानधनाला किती लागले, औषधं आणायला कोण किती वेळा गेलं. त्या औषधांच्या फेऱ्या शहात्तर वर्षांच्या एका आजी करतात. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, म्हणून त्यांनी ते काम अंगावर घेतलं. सगळ्यांची कार्डं पिशवीत घालून जातात आणि गोळ्या घरोघर देतात.

मग काकांनी सांगितलं, कमान आम्हाला नको. साकवाला कठडा करा आणि वरच्या वाडीच्या पाखाडीला (दगडी पायऱ्यांच्या वाटेला) धरायला पाइप लावा.

बराच गोंधळ झाला. कमानीसाठी वर्गणी जमली होती, काहींना ते लागलं. एक तरुण चाकरमानी म्हणाला, माझी आई त्याच पाखाडीने पाणी आणते आणि मला तिथे धरायला काही नाही हे आज कळतंय. पाइपांचे पैसे मंडळाने द्यायचे ठरले. कठडा ग्रामपंचायतीकडे मागायचा. कमान पुढच्या वर्षावर गेली.

अशा बैठकीत म्हातारी माणसं एरवी भिंतीशी बसतात. त्यांच्याकडे खर्चाचा हिशोब होता म्हणून त्यांचं ऐकलं गेलं, असं मला वाटतं. जिथे जिथे असं काम सुरू होईल तिथे वही ज्येष्ठांकडेच ठेवावी.

१ ऑक्टोबर

जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. सत्कार, शाल-श्रीफळ काही नाही. शाळेत कागदपत्रांचं काम काढलं. फॉर्म भरायला गिरणीवाले काका नि गुरुजी.

श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. वय ६५ पूर्ण हवं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत. म्हणजे घरात दिवसाला ५८ रुपयेसुद्धा येता कामा नयेत. मुलगा विरारला रिक्षा चालवतो आणि गणपतीला हजार-दोन हजार देतो, एवढ्यावर आईचा अर्ज अडतो. केंद्राचा वाटा ८०च्या आतल्यांना महिना २०० रुपये, त्यापुढे ५००. गावाने एकमेकांचं कितीही केलं तरी सरकारने या रकमा आणि ही मर्यादा वाढवायला पाहिजे. शेजारधर्म चांगला चाललाय म्हणून पेन्शनचा प्रश्न मिटत नाही, आणि आमच्यासारख्या प्रकल्पांकडे बोट दाखवून कोणी तो टाळू नये.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो अंगठ्यांत. सुईण आजींचा अंगठा मशीनवर ठेवला, उमटला नाही. पुसला, तेल लावलं, परत ठेवला, नाही. उजव्या हाताची सगळी बोटं झाली. मी हात हातात घेऊन बघितला. जन्मभर शेण, चिखल आणि काजूचा चीक. बोटाच्या टोकावर रेषाच नाहीत, कातडी कागदासारखी गुळगुळीत. दीड तासाने डोळ्याच्या मशीनवर काम झालं, तेही मशीन दुसऱ्या गावाहून मागवलं म्हणून. गुरुजींनी अशा सगळ्यांची वेगळी यादी केली आहे. ती तहसील कार्यालयात देऊन त्यांच्यासाठी एकच दिवस मागायचा.

ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर, १४५६७, शाळेच्या दारावर रंगवला. सकाळी ८ ते रात्री ८.

१६ नोव्हेंबर

वनराई बंधारा झाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती, तोंडं शिवून पऱ्यात आडव्या रचल्या. जागा सुईण आजींनी दाखवली. पऱ्या रुंद आहे तिथे बांधावा असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. आजी म्हणाल्या, तिथे खाली खडक फुटका आहे, पाणी बसणार नाही, वरच्या वळणावर बांधा. तिथेच बांधला. गोण्या भरायला महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आली होती; शिवायला आजी-काकी, दाभण नि सुतळी घेऊन. दुपारी भाकरी, सुकटीची चटणी.

उंबराखालच्या कुंडीचा गाळही निघाला. पाणी आलं आहे. मार्चपर्यंत टिकतं का ते बघायचं, म्हणून काकी दर आठवड्याला काठीवर खूण करून वहीत लिहितात.

२० डिसेंबर

वरच्या वाडीतल्या अर्धांगवायूच्या आजी वारल्या. जखम भरली होती. शेवटचे दिवस घरात, आपल्या माणसांत गेले. बारावं झाल्यावर आजोबा गटात आले आणि रात्रीच्या सोबतीच्या पाळीत आपलं नाव घाला म्हणाले. मधल्या वाडीत एक जण अंथरुणाला आहे, मंगळवार-शुक्रवार ते तिथे जातात. मानधन नको म्हणत होते. नियम सगळ्यांना सारखा म्हणून काकांनी घ्यायला लावलं.

आमचा निधी मार्चमध्ये संपतो. मानधनाचं पुढे काय, यावर आज बैठक. मंडळ वर्षाचा निम्मा खर्च उचलायला तयार आहे, उरलेल्यासाठी ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून तरतूद मागायची. २६ जानेवारीच्या ग्रामसभेचं मागणीपत्र गुरुजी लिहितायत : साकवाचा कठडा, सोबत-फेरीच्या मानधनाची तरतूद, डोळ्याचं मशीन गावात महिन्यातून एकदा, उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा. मसुदा पुढच्या सोमवारी चारही वाड्यांत वाचून दाखवायचा, त्यात काय घालायचं-काढायचं ते तिथेच ठरेल. बौद्धवाडीतून वाचायला सुरुवात.